हिशोब मागू नये, असं ठरलं तेव्हा

मंडळी, आपलं वऱ्हाड एकेकाळी थकलेल्या बाकीपोटी गहाण पडलं होतं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आमच्या घरातल्या पुण्या-मुंबईच्या आणि त्याहूनही लांब गेलेल्या पोरांना मी हा प्रश्न विचारतो तेव्हा ती गालातल्या गालात हसतात. शेत गहाण पडतं, दागिना गहाण पडतो, पण अख्खा प्रांत कसा काय गहाण पडेल? पण पडला होता. नुसता पडला नव्हता, तर तो सोडवायला पैसे घेऊन निघालेल्या माणसाला हात हलवत परत यावं लागलं होतं.

शाळेत इतिहास शिकवताना डलहौसी आला की पोरं धडाधड म्हणायची, सातारा, झाशी, नागपूर. दत्तक वारस नामंजूर, संस्थान खालसा. वऱ्हाडाच्या वाट्याला एखादीच ओळ. ‘१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतले.’ का घेतले, कशापोटी घेतले, हे विचारायची पाळी परीक्षेत येत नसे. आणि आम्ही वऱ्हाडातलेच मास्तर, वऱ्हाडातल्याच पोरांना ती ओळ वाचून पुढे सरकत होतो. तेव्हा आज जरा सवडीने त्या एका ओळीच्या आत काय होतं ते बघू.

हा विषय आता का काढला ते आधी सांगतो. निमित्त बँकेच्या पासबुकाचं. माझ्या पेन्शनच्या खात्यातून एका बँकेने (नाव कशाला सांगू, कोणतीही घ्या) किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला. खातं पेन्शनचं, त्याला ती अटच नव्हती. लेखी अर्ज दिला, तीन हेलपाटे घातले आणि पैसे परत मिळाले. मोठ्या समाधानाने घरी आलो. पुढच्या तिमाहीत पासबुक छापून आणलं तर तेवढीच नाही पण तशीच एक रक्कम वेगळ्या नावाने गेलेली. पुन्हा विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘गुरुजी, तो चार्ज वेगळा, हा वेगळा.’’ म्हणजे जुना परत मिळवेपर्यंत नवा हजर! रक्कम किरकोळ होती, माझं काही अडलं नाही. पण आमच्या आळीत एक म्हातारी आहे, तिचे निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात. तिने पासबुक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, ‘‘गुरुजी, माह्या खात्यातले हे पैसे कायले कापले?’’ आणि मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या ओळीत इंग्रजी अक्षरांची चार-पाच आद्याक्षरं होती आणि पुढे आकडा. बस्स.

‘कायले कापले?’ हा प्रश्न जुना आहे हो. आपल्या भागात तर तो फार मोठ्या माणसांनी, फार मोठ्या सत्तेला विचारून झालेला आहे.

आमचं देऊळघाट पैनगंगेच्या काठचं, घाटावरचं गाव. बुलढाण्याहून जवळ. इथून थोडं पुढे सरकलं की जाफ्राबाद, भोकरदनचा मुलूख लागतो. जुन्या लोकांच्या तोंडी त्याला ‘मोगलाई’ म्हणत. म्हणजे निजामाचं राज्य. खरं तर १८५३ पूर्वी हा इकडचा भागही मोगलाईच होता. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, नागपूरच्या भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला आणि वऱ्हाड निजामाकडे गेलं. निजाम इंग्रजांचा दोस्त होता, त्या दोस्तीचं हे बक्षीस. पण या दोस्तीचं बिल कसं वाढत गेलं ते बघण्यासारखं आहे.

पहिलं बिल तैनाती फौजेचं. १८०० च्या तहात निजामाने त्याचा कायमचा निकाल लावला होता. टिपूशी झालेल्या लढायांत वाट्याला आलेला बेल्लारी, कडप्पा वगैरे मुलूख त्याने कंपनीला देऊनच टाकला. त्या बदल्यात कंपनीने फौज ठेवायची, पुढे पैसे मागायचे नाहीत. आजच्या भाषेत एकरकमी भरून खातं मोकळं केलं. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण १८११ च्या सुमारास हेन्री रसेल नावाचा रेसिडेंट हैदराबादेत आला आणि त्याने निजामाच्या सैन्यातूनच एक नवी कवायती पलटण उभी करायला लावली. तिला आधी रसेल ब्रिगेड म्हणत, पुढे तिचं नाव झालं हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी गोरे, पगार भरभक्कम, हुकूम रेसिडेंटचा आणि खर्च निजामाचा. १८०० च्या तहात या फौजेचा उल्लेख नाही. ‘तो चार्ज वेगळा, हा वेगळा.’ वर्षाचा खर्च जवळजवळ ४० लाख रुपयांवर गेला. बिचारा निजाम सगळ्याचे पैसे देतो, अशी थट्टा इंग्रज अधिकाऱ्यांतच चालत असे म्हणतात.

एवढे रोख पैसे आणायचे कुठून? तर सावकाराकडून. त्या काळात हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. परकी माणसाने देशी संस्थानिकाला कर्ज द्यायला कायद्याने बंदी होती, पण १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलने या पेढीला खास सूट दिली. व्याज शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत. १८२० मध्ये या पेढीने निजाम सरकारला ६० लाखांचं कर्ज दिल्याचं कागदावर आलं. पुढे चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने वह्या तपासायला घेतल्या. तेव्हा दिसलं की त्या ६० लाखांतले ८ लाख पेढीच्या भागीदारांचा बोनस म्हणून धरलेले होते, आणि बाकीच्यातला बराचसा भाग जुनीच बाकी नव्या खात्यावर ओढलेली होती. बोनस कर्ज देणाऱ्याला आणि त्याचं व्याज भरायचं घेणाऱ्याने! या पेढीचा पैसा फिटावा म्हणून १८२३ मध्ये उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून निजामाला दरसाल मिळणारी ७ लाखांची पेशकश कायमची मोडून तिचे १ कोटी १६ लाखांच्या वर रोख घेतले गेले. म्हणजे कायमचं उत्पन्न विकून एकदाची बाकी भागवली. घरातली दुभती म्हैस विकून दुधवाल्याचं बिल चुकतं केल्यासारखं झालं हे.

आता वऱ्हाडाकडे येऊ. दिवाण चंदुलालच्या काळात वऱ्हाडचा महसूल सावकारांना लावून दिला जाई. सावकार आगाऊ रक्कम देई आणि परगणे ताब्यात घेऊन वसुली करी. पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी हे पारशी बंधू त्यांतले मोठे. याच पेढीने १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मुंबईला धाडला. ५०० बैलांवर लादून, सुमारे २५ हजार रुपयांचा माल. खामगावच्या कापूस बाजाराचा आपण अभिमान धरतो, त्याचं मूळ असं कर्जवसुलीत आहे. पण सावकाराची आगाऊ रक्कम, तिचं व्याज, तिची मनोती (म्हणजे आगाऊ पैसे दिल्याबद्दलची वरकड रक्कम), नाण्यांच्या फरकाचा बट्टा, हे सगळं अखेर फिरून फिरून कुणाच्या गळ्यात पडायचं? पैनगंगेकाठी ज्वारी पेरणाऱ्याच्याच. वरचा माणूस ज्याला चार्ज म्हणतो, तो खालच्या माणसाकडे पोचेपर्यंत उपास होतो.

कंटिंजंटचे पगार थकू लागले की कंपनीच्या खजिन्यातून दिले जात आणि निजामाच्या नावे मांडले जात, व्याजासकट. १८५१ मध्ये डलहौसीने तगादा लावल्यावर निजामाने मोठा हप्ता भरलासुद्धा. पण पलटण उभीच होती, तिचा मीटर चालूच होता. दोन वर्षांत बाकी पुन्हा वर आली. कंपनीच्या रुपयांत सुमारे ४३ लाख, हैदराबादच्या हाली शिक्क्यात सुमारे ५० लाख.

यावर निजामाच्या दरबाराचं एक म्हणणं होतं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दरबार म्हणत होता की सिकंदराबाद आणि जालना इथल्या छावण्यांतलं अबकारीचं उत्पन्न आमचं असून ते वर्षानुवर्षं तुम्ही घेत आला आहात. ते धरा, आमच्या बाकीतून वजा करा आणि मग सांगा कोण कुणाचं देणं लागतो. साधा प्रश्न आहे. जमेची बाजू आणि नावेची बाजू समोरासमोर मांडा, एवढाच. वाण्याच्या दुकानातसुद्धा हे करतात. पण ते मांडलं गेलं नाही. २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे प्रांत कंटिंजंटच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. दिवाण सिराज-उल-मुल्क काही दिवसांतच वारला आणि त्याचा पुतण्या, जेमतेम पंचविशीचा सालारजंग दिवाण झाला.

गंमत पुढे आहे. १८६० मध्ये हैदराबादचा रेसिडेंट असलेल्या कर्नल डेव्हिडसनने आपल्याच सरकारला लिहून कळवलं की दोन्ही सरकारांचं येणं-देणं निःपक्षपातीपणे बघितलं असतं तर १८५३ मध्ये आपलं निजामाकडे काही न्याय्य येणं निघत नव्हतं. म्हणजे ज्या बाकीपोटी वऱ्हाड गेलं, ती बाकी नव्हतीच, असं वसुली करणाऱ्याचाच माणूस म्हणाला. आणि त्याच वर्षी, डिसेंबर १८६० मध्ये, नवा तह झाला. ५० लाखांची बाकी माफ. धाराशिव, रायचूर परत. सुरपूरचं संस्थान निजामाला भेट. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूला राहिला होता, त्याची ही पोच.

वाचताना वाटतं, चला, झाला न्याय! चार्ज परत मिळाला! पण मंडळी, त्याच तहात आणखी एक कलम आहे, आणि हा सगळा लेख मी त्या कलमापायी लिहितो आहे.

१८५३ च्या तहात अशी अट होती की वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब इंग्रजांनी दरसाल निजामाला द्यावा आणि उरेल ती शिल्लक त्याच्या हवाली करावी. १८६० च्या तहात काय आलं? वऱ्हाड इंग्रजांकडेच राहील, विश्वस्त म्हणून. शिल्लक उरली तर ते देतील. पण मागचा, चालू किंवा पुढचा कोणताही हिशोब निजामाने मागायचा नाही. आणि कारभारावर खर्च किती करायचा, ते सर्वस्वी इंग्रज सरकारच्या मर्जीवर!

एका हाताने ५० लाख परत केले आणि दुसऱ्या हाताने हिशोब विचारायचा हक्क काढून घेतला. आकडा परत आला, प्रश्न गेला. आणि तो जाताच बाकी कधी फिटणारच नव्हती. कारण लगेच अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं, कापसाला सोन्याचा भाव आला, वऱ्हाडात रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावला फाटा आला, महसूल वाढत गेला. पण उत्पन्न वाढलं की कारभाराचा खर्चही वाढायचा, आणि तो किती वाढावा हे ठरवणारा, खर्च करणारा आणि शिल्लक सांगणारा एकच. शिल्लक किती उरणार?

सालारजंगने हे ओळखलं होतं. तो पुढे तीस वर्षं दिवाण होता आणि वऱ्हाड परत मिळवणं हा त्याचा ध्यास होता. १८७२ मध्ये त्याने सांगितलं की कंटिंजंटचा पगार भागेल एवढी मोठी ठेव आम्ही तुमच्याकडे रोख ठेवतो, तिच्या व्याजातून पलटण पोसा आणि आमचा प्रांत द्या. गहाणखत सोडवायला पूर्ण पैसे घेऊन कूळ दारात उभं होतं. उत्तर मिळालं की तहात जमिनीची हमी ठरली आहे, पैशाची नाही. सबब पैसे चालणार नाहीत! १८७६ मध्ये तो विलायतेला गेला, तिथे त्याचा मानसन्मान झाला, मेजवान्या झाल्या, पण वऱ्हाड नाही. १८८३ मध्ये तो गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. वर्षाला ठरावीक २५ लाख रुपये. आणि त्या २५ लाखांतूनही आधी दिलेल्या कर्जांचे हप्ते कापून घ्यायचे ठरले. (खात्यात जमा व्हायच्या आधीच वजावट! ओळखीचं वाटतं ना?) लगेच ज्या कंटिंजंटसाठी हे सगळं रामायण झालं, ती पलटणच वेगळी ठेवायचं बंद झालं, तिच्या तुकड्या हिंदी सैन्यात मिळवल्या गेल्या. सेवा बंद झाली, तिच्यासाठी घेतलेला प्रांत मात्र परत आला नाही. १९२३ मध्ये उस्मान अली खान या निजामाने पुन्हा मागणी केली. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रेडिंगने उत्तर दिलं, त्याचा अर्थ एवढाच की सार्वभौम सत्तेला हिशोब विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही. १९३६ मध्ये मनधरणी म्हणून ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम’ ही पदवी आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला. नावात वऱ्हाड आलं, ताब्यात नाही.

आता कुणी म्हणेल, निजामाचा एवढा पुळका कशाला? इंग्रजांकडे राहिलो ते बरंच झालं, शाळा आल्या, रस्ते आले, जमिनीची मोजणी झाली. हे मला मान्य आहे. निजामाच्या महसुली ठेकेदारांनी वऱ्हाडी शेतकऱ्याला काही कमी पिळलं नव्हतं. या दोघांच्या हिशोबात आपल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही, हेही खरंच. माझा मुद्दा राजा कोण असावा हा नाही. हिशोब मागण्याचा हक्क गेला की चांगला कारभारसुद्धा मेहेरबानी होऊन बसतो, हा आहे.

आणि शेतकऱ्यापुरतं बोलायचं तर तिथेही आपल्याच महाराष्ट्रात एक धडा आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून आपण ते शिकतो. लोकांनी सगळ्यात जास्त काय मागितलं असेल? धान्य नाही, दागिने नाहीत. खतं, रोखे, वह्या! ते हाती पडले की जाळायचे. माणसाला जास्तीत जास्त मारण्यापेक्षा त्यांना तो कागद मारायचा होता. कारण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांत दावा केला नाही तर कर्ज बुडे, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि त्यात मागचं व्याज मुद्दल होऊन बसे. शिवाय मनोती, स्टँपाचा खर्च, लिहिणावळ. उत्तरेकडे तर ‘गिरह खुलाई’ म्हणून एक रक्कम असे, म्हणजे सावकाराने आपल्या थैलीची गाठ सोडली त्याचे पैसे. कर्ज मागायला आलात, थैली सोडावी लागली, टाका त्याचे पैसे! आपल्याकडच्या प्रोसेसिंग फीचं हे आजोबा.

सरकारने चौकशी कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. वऱ्हाडाला तो लागू नव्हता. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं की रोख्यावर लिहिलेला आकडा डोळे मिटून धरू नका. मागे जा, व्यवहार सुरू कसा झाला ते बघा, मुद्दल वेगळं काढा, व्याज वेगळं काढा, व्याजावर व्याज धरू नका आणि मुद्दलापेक्षा व्याज जास्त होऊ देऊ नका. हे शेवटचं म्हणजे आपलं जुनं दामदुपट. आणि आणखी एक गोष्ट त्यात होती. शेतकऱ्याने पैसे दिले की लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षातून एकदा हिशोबाचा उतारा मिळाला पाहिजे आणि त्याने मागितलं तर त्याचा हिशोब पासबुकात लिहून दिला पाहिजे. होय, पासबुक! १८७९ च्या कायद्यात शब्दच तो आहे. आपण ज्याला बँकेची सोय समजतो, ते पुस्तक कायद्याने शेतकऱ्याच्या हाती देण्यामागे असा जाळपोळीचा इतिहास आहे.

या कायद्याने सावकारी संपली नाही. सावकारांनी कर्जाऐवजी जमिनीची खरेदीखतंच लिहून घ्यायला सुरुवात केली, अशी तक्रार पुढे झालीच. चार्ज एका दाराने हाकलला की दुसऱ्या दाराने येतो, हे तेव्हाही होतं. पण निदान ‘मागे जाऊन बघा’ हे तत्त्व कागदावर आलं.

आता आजचं. बँका म्हणजे सावकार नव्हेत, हे मी आधीच सांगतो, नाहीतर माझा बँकेतला भाचा मला घरात घेणार नाही. शाखा चालवायला खर्च येतो, एटीएममध्ये नोटा भरायला खर्च येतो, खेड्यात यंत्र घेऊन बसणाऱ्या पोरालाही पोट आहे. फुकट काहीच नसतं. पण आकडे बघा. २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात स्टेट बँकेने किमान शिल्लक नसल्याबद्दल १,७७१ कोटी रुपये घेतले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीचा तिचा नफा १,५८१ कोटी होता. ओरड झाली, दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये ती अटच काढली गेली. २०२३ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँकांनी २०१८ पासून किमान शिल्लक, जादा एटीएम व्यवहार आणि एसएमएस या तीन नावांखाली मिळून ३५ हजार कोटींहून जास्त घेतले. त्यांतले २१ हजार कोटी नुसते किमान शिल्लक नाही म्हणून. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याच्याकडून, शिल्लक नाही म्हणून! २०२५ मध्ये बऱ्याच सरकारी बँकांनी बचत खात्यावरचा हा दंड बंद केला, ही चांगली गोष्ट.

परत मिळण्याचीही उदाहरणं आहेत. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आशिष दास यांनी गरिबांच्या शून्य शिलकीच्या खात्यांचा पाठपुरावा केला. महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले, अगदी मोबाइलवरून कुणाला दिले, तरी अशा खात्यांवर स्टेट बँक दर व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत होती. (१५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, करून बघा.) ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून ठरावीक डिजिटल व्यवहारांवर घेतलेले पैसे परत करा. दास यांच्या अहवालाप्रमाणे एकूण २५४ कोटींपैकी सुमारे ९० कोटी परत झाले. बाकीचे त्या तारखेच्या आधीचे. म्हणजे तारखेच्या अलीकडचा गरीब आणि पलीकडचा गरीब असे दोन भाग पडले. कोविडच्या काळात हप्ते लांबवले तेव्हा व्याजावर लागलेलं व्याजही नोव्हेंबर २०२० मध्ये २ कोटींपर्यंतच्या कर्जदारांना परत मिळालं, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळ्यांनाच लागू केलं. दामदुपटाच्या देशात व्याजावरचं व्याज परत मिळालं, हे वाचून मला बरं वाटलं.

पण उलटी उदाहरणंही आहेत. बँकिंग कायद्यात १९८४ मध्ये कलम २१-अ आलं. बँकेचं व्याज फार जास्त आहे एवढ्याच कारणाने कोर्टाने जुना हिशोब उकरू नये, असा त्याचा अर्थ. १८७९ मध्ये ‘मागे जा’ म्हणणारा कायदा आणि १९८४ मध्ये ‘मागे जाऊ नका’ म्हणणारा कायदा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. इंग्लंडमध्येही तेच. तिथे हजारो लोकांनी खात्यात पैसे कमी पडल्याबद्दलचे दंड परत मागितले, कितीएकांना मिळालेही. पण नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे दंड म्हणजे बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग, त्यामुळे ते रास्त की जास्त हे त्या कायद्याखाली तपासता येणार नाही. ज्यांनी वऱ्हाडचा हिशोब मागायची बंदी केली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांवर तीच पाळी आली, असं मनात आलं. (असं म्हणू नये, पण आलं खरं.)

रिझर्व्ह बँकेने काही बांध घातले आहेत. २०२४ पासून हप्ता चुकल्याचा दंड ‘व्याज’ म्हणून लावून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तक्रारीसाठी लोकपाल आहे. बँकेला लेखी द्यायचं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे जायचं. त्याला फी नाही. यादीतला एवढा एक तरी रकाना शून्याचा आहे.

आमच्या आळीतल्या त्या म्हातारीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिच्यासाठी मी अर्ज लिहिला. त्यात ‘पैसे परत द्या’ हे वाक्य दुसरं घातलं. पहिलं वाक्य असं होतं: ‘अमुक तारखेला कापलेली रक्कम कोणत्या नियमाखाली कापली ते मराठीत लिहून द्यावे.’ महिना होण्याच्या आत पैसे परत आले. लेखी उत्तर मात्र आलं नाही. ती खूष झाली, पेढे आणते म्हणाली. मी म्हटलं, आजी, पेढे ठेवा, आपण उत्तराची आठवण करू. तिला वाटलं, गुरुजी म्हातारपणी हेकट झाले. असेलही. पण ५० लाख परत देऊन हिशोब बंद करता येतो, हे वऱ्हाडाने एकदा बघितलेलं आहे. स्मरणपत्र मी परवाच टाकलं आहे आणि त्याची पोच तिच्या पासबुकात ठेवून दिली आहे.